ताता कुठे उभे होते

क्राकुफ, ४ एप्रिल २००५

प्रिय विचेक,

काल फोनवर तू रडत होतास आणि मी तुला गुडघ्याच्या मलमाचं नाव सांगत बसले. राग आला असेल तुला. पण फोन कानाला लावला की माझ्या तोंडून हवामान आणि दुखणी यापलीकडे काही निघत नाही, हे तुला गेली पंचवीस वर्षं ठाऊक आहे. म्हणून लिहिते.

शनिवारी दुपारपासून मी आणि समोरच्या बोगुमिवाबाई आर्चबिशपांच्या निवासस्थानाखाली उभ्या होतो. पोप इथे आले की ज्या खिडकीत येऊन खालच्या पोरांशी थट्टामस्करी करायचे, त्याच खिडकीखाली. बोगुमिवाबाई आता चौऱ्याऐंशीच्या. मी म्हटलं, "बाई, घरी चला, गारठा वाढलाय." तर म्हणाल्या, "तू जा गं. तुझं वय झालंय."

पोप गेल्याची बातमी आली तेव्हा कुणी ओरडलं नाही. रस्त्यावर बसलेली पोरं उठून उभी राहिली, एवढंच. वीस-बावीस वर्षांची पोरं. त्यांनी जन्मापासून दुसरा पोप पाहिलेलाच नाही. आज म्हणे आपल्या शहरातल्या दोन फुटबॉल क्लबांचे लोक, जे एरवी एकमेकांची डोकी फोडतात, एकत्र प्रार्थनेला बसणार आहेत. ताता असते तर म्हणाले असते, "बघू किती दिवस टिकतं."

मला राहून राहून अठ्ठ्याहत्तरचा ऑक्टोबर आठवतो आहे. तू तेव्हा श्टेचिनला जहाजांच्या गोदीत वेल्डिंग करत होतास, म्हणून तुला हे फक्त ऐकून माहीत. आपल्या क्राकुफचा माणूस पोप झाला ही बातमी आली, वावेलच्या टेकडीवरची मोठी घंटा वाजायला लागली, आणि दुसऱ्या दिवसापासून सोड्याच्या कारखान्यातल्या प्रत्येक पेन्शनराला आठवायला लागलं की महायुद्धाच्या दिवसांत ते तिथे मजुरी करत, तेव्हा आपण त्यांच्याबरोबर काम केलं होतं. एकाने त्यांना पाव दिला होता. एकाने हातमोजे दिले होते. एकजण तर म्हणे तेव्हाच म्हणाला होता, "पोरा, तू पुढे मोठा होशील." त्या सगळ्यांत आपले ताता एकटेच, की जे खरोखर त्याच आवारात तीन वर्षं होते आणि सरळ सांगत होते, "मला नाही आठवत. चुन्याच्या बादल्या वाहणारी दहा-बारा पोरं होती, त्यांच्याकडे कोण बघत बसतं?" लोक हसायचे. ताता हसायचे नाहीत. एकदा आम्ही बापलेक जेवत असताना म्हणाले, "तो रोज माझ्या समोरून गेला असेल, लुडका. आई नाही, भाऊ गेलेला, बाप गेलेला, पायात लाकडी खडावा. आणि मी मान वर करून बघितलं नाही."

असो. सूप उतू जातंय. तुझ्या लेकीला, क्लाराला, माझा गोड पापा.

तुझी,
लुडका


जिलाँग, २१ एप्रिल २००५

प्रिय लुडकाताई,

पत्र वाचून मी पुन्हा रडलो, त्यामुळे मलमाचा राग विसरलो. वेल्डरचे डोळे तसेही पाणावलेलेच असतात, असं सांगून घरात निभावून नेतो.

इथे ऑस्ट्रेलियात आमच्या चर्चमध्ये पोलिश असे आम्ही नऊ म्हातारे उरलो. बाकी व्हिएतनामी, फिलिपिनो, माल्टाचे, आता सुदानहून आलेली कुटुंबं. मला वाटलं होतं, आपला माणूस गेला म्हणून आम्ही नऊजण पुढच्या बाकावर बसू आणि बाकीचे आमचं सांत्वन करतील. कुठलं काय! थान्ह म्हणून एक व्हिएतनामी म्हातारा आहे, बेकरीवाला. तो माझ्याआधी येऊन पहिल्या बाकावर बसलेला. म्हणाला, "आमच्या निर्वासित छावणीत तंबूच्या खांबाला त्यांचा फोटो बांधलेला होता. माझी बायको रोज त्यांना शिव्या द्यायची, अजून का सोडवत नाही म्हणून." मी म्हटलं, "शिव्या द्यायच्या म्हणजे घरचाच झाला की." मग आम्ही दोघं एकाच बाकावर बसलो. नवे पोप जर्मन निघाले, ते तुला कळलंच असेल. ताता असते तर काय म्हणाले असते, ते मी लिहीत नाही.

आठवतं, शहाऐंशीला ते मेलबर्नला आले, तेव्हा मी तीन वर्षांच्या क्लाराला खांद्यावर घेऊन गेलो होतो. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात प्रार्थना! दिसले ते बोटाएवढे. पण मी तिला म्हटलं, "बघून घे. तुझ्या आजोबांनी ह्यांना क्राकुफमध्ये पाहिलंय, ब्वोन्याच्या मैदानात, आणि तुझी आत्या त्यांना हाताला धरून घेऊन गेली होती." ताई, मी हे हजार वेळा सांगितलं असेल आणि तुला प्रत्येक नाताळात लिहिलं असेल, तरी आज परत लिहितो. एकोणऐंशीला ते क्राकुफला आले, तेव्हा मी श्टेचिनला अडकलो होतो. सुट्टी मिळाली नाही. तातांचा खुबा निकामी, तीन मजले उतरायचे, लाखो लोकांची गर्दी. तू नेलंस. मी जे करायला हवं होतं ते तू केलंस. पुढच्या वर्षी मी देश सोडला, आणि ब्याऐंशीच्या जानेवारीत ताता गेले तेव्हा लष्करी कायदा, फोन बंद, तार पोचली ती माती दिल्यावर. त्या दिवसांत मला एकच आधार होता, की त्यांची एक इच्छा तरी पुरी झाली.

आता बातमी. क्लारा ऑगस्टमध्ये जर्मनीला येते आहे, कोलोनच्या युवक मेळाव्याला. तो मेळावाही त्यांनीच बोलावलेला, बघ. तिथून ती चोवीस तारखेला तुझ्याकडे येईल, आठवडाभर. तिला एकच गोष्ट हवी आहे. ताता जिथे उभे होते, नेमक्या त्या जागी तिला उभं राहायचंय. आमचं चर्च आठवणींची एक पुस्तिका काढतंय, त्यात ती तातांवर लिहिणार आहे आणि जागेचा फोटो देणार आहे. तू त्या दिवसाचं सगळं सविस्तर लिहून पाठव. कुठून गेलात, कुठे उभे राहिलात, ताता काय बोलले.

आणि एक धक्का आधीच देऊन ठेवतो. ती मांस खात नाही.

तुझा,
विचेक


क्राकुफ, १२ मे २००५

प्रिय विचेक,

मांस खात नाही म्हणजे काय? आजारी आहे का? बोगुमिवाबाईंना सांगितलं, तर त्यांनी छातीवर क्रूस काढला. कोबी आणि मशरूमचं सारण भरून पिएरोगी करीन. प्लमचा मुरांबा आहे. बीटच्या सारात हाड घालणार नाही, तिला तसं सांग.

तिच्यासाठी आतली खोली रंगवून घेते आहे. पलंगाची गादी नवी आणली.

त्या दिवसाचं मला फारसं आठवत नाही. गर्दी होती. ऊन होतं. आपण म्हातारे झालो, विचेक. सव्वीस वर्षांत मैदानही बदललं, झाडं वाढली, काही तोडली, नेमकी जागा आता कोण सांगणार? मला वाटतं, तिने आठवडा शहरात घालवू नये. तिला डोंगरात पाठवते, झाकोपानेला माझी जुनी विद्यार्थिनी राहते, ती सगळं दाखवेल. पोपही डोंगरातच रमायचे. ते जास्त बरं नाही का?

पुस्तिकेत तातांच्या कारखान्याबद्दल लिहा. तेवढं पुरे.

तुझी,
लुडका


जिलाँग, ३ जून २००५

प्रिय लुडकाताई,

चाळीस वर्षं भूगोल शिकवलास, वर्गातल्या प्रत्येक पोराकडून नद्यांची मुखं पाठ करून घेतलीस, आणि तुला मैदानातली एक जागा आठवत नाही? मला वाटतं, तुला फार वाईट वाटतंय आणि तू ते दाखवत नाहीस. नाहीतर तुला दम लागून मैदानापर्यंत चालवत नसेल. टॅक्सी करा. मी सांगतोय ना.

आणि काळजी करू नकोस, तुझ्या स्मरणशक्तीची आम्हाला गरज नाही! तातांचं पत्र सापडलं. मला श्टेचिनला पाठवलेलं, जून एकोणऐंशीचं. मी ते बायबलमध्ये ठेवलं होतं आणि इतकं जपून ठेवलं की विसरलो. हे बघ, उतरवून देतो:

"आम्ही मैदानाच्या डाव्या अंगाला होतो, तीन लिंडनची झाडं आहेत तिथे. पुढे सिलेसियाच्या खाणकामगारांचा जथा होता, काळ्या गणवेशात, टोप्यांना पिसं लावलेले. तो म्हणजे पोप वाऱ्याने उडणारा अंगरखा एका हाताने दाबून धरत होता. कान उन्हाने लाल झालेले, डोंगरात दिवसभर चालून आलेल्या माणसासारखे. बोलताना मध्येच थांबायचा, जणू कुणाची वाट बघतोय. मी त्याचा चेहरा नीट बघून घेतला, विचेक. आता विसरणार नाही."

कान लाल झालेले! असं दुसरं कोण बघेल? क्लाराने याचं इंग्रजी केलंय आणि गेल्या रविवारी चर्चमध्ये वाचून दाखवलं. थान्ह उठून माझ्याशी हात मिळवायला आला. तेव्हा तू फक्त तिला त्या तीन झाडांशी घेऊन जा, बाकी काही करू नकोस. डोंगराबिंगराचं नंतर बघू.

तुझा,
विचेक


क्राकुफ, २४ जून २००५

प्रिय विचेक,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते आणि पुन्हा न वाचता पाकिटात घालते.

ताता ब्वोन्याच्या मैदानात गेलेच नाहीत. मीही गेले नाही.

त्या मे महिन्यात आमच्या मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावलं. चहा मागवला. मला तेव्हाच कळायला हवं होतं, ते कुणाला चहा देत नसत. म्हणाले, "दहा जूनला रविवारी सातवीची सहल आहे. तुम्ही नेणार आहात." मी म्हटलं, "सर, त्या दिवशी तर..." ते म्हणाले, "त्या दिवशी काय?" मी कप उचलला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुमच्या भावाचा ऑस्ट्रेलियाला जायचा अर्ज अडकलाय ना? माणसाने अशा वेळी कुटुंबाचा विचार करावा. आणि तुमचे वडील, पदक मिळालेले जुने कामगार. त्यांना त्या गर्दीत कुणी पाहिलं, तर उगाच प्रश्न उभे राहतील." एवढंच. धमकी नाही, आवाज चढवणं नाही. मी चहा पिऊन बाहेर आले.

तू तीन वर्षं त्या पासपोर्टसाठी खेटे घालत होतास. तुझ्या प्रत्येक पत्रात तेच असायचं. मामांनी जिलाँगहून नोकरीचं पत्र पाठवलेलं. मी तुला वाढवलंय, विचेक. आई गेली तेव्हा तू दोन वर्षांचा होतास आणि मी दहा. तू इथे घुसमटत होतास ते मला दिसत होतं.

तातांना मी खरं सांगितलं नाही. म्हटलं, डॉक्टर नको म्हणालेत. ताता म्हणाले, "डॉक्टरला कोण विचारतंय? माझं मी जाईन. जिन्यावरून बसत बसत उतरेन." आणि ते उतरले असते, विचेक. शनिवारी त्यांनी कोटाला ब्रश मारला, बुटांना पॉलिश केलं. रविवारी पहाटे ते दाढी करत होते, तेव्हा मी बाहेरून दाराला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

सहलीला चौतीस मुलांपैकी पाचजण आले. बाकीच्यांचे आईबाप त्यांना घेऊन मैदानात गेलेले. आलेल्या पाचांतला एक कम्युनिस्ट पक्षाच्या सचिवाचा मुलगा. तो बसमध्ये मला म्हणाला, "बाई, तुम्हालाही तिकडे जायचं होतं का?" मी त्याला खडकांचे प्रकार समजावून सांगितले.

संध्याकाळी घरी आले. ताता उघड्या खिडकीशी खुर्चीत बसलेले, कोट-टाय घालून. आपल्या खिडकीतून मैदान दिसत नाही, पण आवाज येतो, तुला माहीत आहे. मी दारातच उभी राहिले. मला वाटलं, काठी फेकून मारतील. ते म्हणाले, "दमलीस? सूप गरम करून ठेवलंय."

कुलपाबद्दल एक शब्द नाही. त्या दिवशी नाही, पुढे कधीच नाही. दुसऱ्या दिवशी दारात आलेल्या एका शेजाऱ्याने विचारलं, "काय आजोबा, गेला होतात ना?" आणि ताता, ज्यांनी जन्मात कधी खोटी फुशारकी मारली नाही, ते म्हणाले, "गेलो होतो. लुडकाने हाताला धरून नेलं." मी त्यांच्या शेजारी पिशवी घेऊन उभी होते. मी तेव्हा बोलले नाही. तुला त्यांनी लिहिलेलं पत्र मीच पेटीत टाकलं, पण आत काय होतं ते मला माहीत नव्हतं. ते कान, ती पिसं, त्यांनी कुठून आणलं, देव जाणे. टीव्ही आमचा तेव्हा महिनाभर बंद होता.

फेब्रुवारीत तुझा पासपोर्ट आला.

तू दर नाताळात माझे आभार मानतोस. दर नाताळात मी ते वाचते आणि पत्र कपड्यांच्या खाली ठेवते. बोटाने दाखवीन अशी जागा माझ्याकडे नाही. क्लाराला मी तीन झाडं दाखवू शकते, खोटं बोलायची मला सव्वीस वर्षांची सवय आहे. पण ती तिथे उभी राहून फोटो काढणार, आणि ते मला बघवणार नाही.

लुडका


क्राकुफ, १८ जुलै २००५

विचेक,

पत्र पोचलं असेल. फोन वाजला की मी धावत जाते, पण तो तुझा नसतो.

एवढंच कळव, क्लारासाठी खोली तयार ठेवू की नको.

लुडका


जिलाँग, २ ऑगस्ट २००५

लुडकाताई,

तयार ठेव. ती कोलोनला जायला निघतेय.

तीन आठवडे मी गॅरेजमध्ये काढले. बायकोला वाटलं, मी कपाट बनवतोय. मी काही बनवत नव्हतो. आधी मला तुझा राग आला, कुलपासाठी. मग तो गेला. कुलूप का लावलंस ते मला कळतं. तुझ्या जागी मी असतो तर तेच केलं असतं, आणि वर तातांवर ओरडलो असतो.

दुसरा राग अजून गेलेला नाही. तू मला सव्वीस वर्षं ती गोष्ट सांगू दिलीस. लग्नात सांगितली, कारखान्यात सांगितली, क्लाराला झोपवताना सांगितली. तू एकदा म्हणायचं होतंस, "विचेक, पुरे." नव्वद साली मी आलो होतो, आपण दोघं तातांच्या कबरीवर मेणबत्त्या लावत होतो, तेव्हाही मी तेच बोलत होतो आणि तू वाळकी पानं वेचत होतीस.

आणि तिसरी गोष्ट रागाची नाही, तिला काय म्हणतात मला माहीत नाही. माझं इथलं घर, अंगणातलं लिंबाचं झाड, माझी पोरगी, हे सगळं त्या रविवारावर उभं आहे. आणि मला ते माहीतच नव्हतं.

क्लाराला मी काही सांगितलेलं नाही. तीनदा प्रयत्न केला. तू सांग. मास्तरीण तू आहेस.

वि.


क्राकुफ, १ सप्टेंबर २००५

प्रिय विचेक,

क्लारा काल गेली. आता तू खुर्चीत बस आणि हे नीट वाच, कारण जे झालं ते मलाही अजून नीट उमगलेलं नाही.

पहिल्याच दिवशी पिएरोगी वाढतानाच मी तिला सांगितलं. तिचं पोलिश तुझ्यासारखंच, शब्द गावठी आणि उच्चार परदेशी, म्हणून मी सावकाश बोलले. तिने काटा खाली ठेवला. रडली नाही, मला धीरही दिला नाही. मग विचारलं, "आत्या, मग आजोबांना ते कान कसे दिसले?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. ती म्हणाली, "त्या दिवशी या जिन्यावर आणखी कोण राहत होतं?"

सव्वीस वर्षांत मला हा प्रश्न सुचला नाही. आणि मी मुलांना प्रश्न विचारायला शिकवायचे!

आम्ही समोरचं दार वाजवलं. बोगुमिवाबाई वाटाणे सोलत होत्या. क्लाराने विचारलं आणि त्यांनी मान वर न करता सांगितलं, जणू काल घडलंय.

त्या सकाळी मैदानाकडे निघताना त्यांना आमच्या दारावर आतून टकटक ऐकू आली. ताता. म्हणाले, "बोगुमिवाबाई, लुडकाने कुलूप लावलंय." बाई म्हणाल्या, "थांबा, खालून रखवालदाराला आणते, तो दोन मिनिटांत कडी काढेल." त्या दोन पायऱ्या उतरल्यासुद्धा. आणि ताता आतून म्हणाले, "नको. आणू नका."

"का हो?"

"ती उगाच कुलूप लावणारी पोर नाही. काहीतरी तिच्या गळ्याशी आलंय, आणि ते पोराच्या पासपोर्टचं असणार. मी आज बाहेर दिसलो, तर तिला जाब द्यावा लागेल." मग म्हणाले, "तुम्ही जा. पण माझ्यासाठी त्याचा चेहरा नीट बघून या. आणि मला येऊन सांगा. सगळं सांगा."

संध्याकाळी मी यायच्या आधी बाईंनी बंद दाराबाहेर पायरीवर बसून तासभर त्यांना सगळं सांगितलं. ताता आतून प्रश्न विचारत होते. कान कसे होते? थकलेला वाटला का? हात हलवताना कुठला हात?

मी म्हटलं, "बाई, सव्वीस वर्षं! मला एकदा सांगायचं होतं!"

बाई म्हणाल्या, "तू कधी विचारलंस? आणि तुझ्या वडिलांनी सांगितलं होतं, तिला कळता कामा नये की मला बाहेर पडता आलं असतं. तिला वाटू दे की तिने अडवलं. नाहीतर म्हाताऱ्याने तिच्यासाठी सोडलं, हे ती पेलणार नाही."

विचेक, मी तिथे वाटाण्याच्या सालींत बसून रडले. या वयात. क्लारा माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि बोगुमिवाबाई म्हणत होत्या, "साली तुडवू नकोस."

रविवारी आम्ही टॅक्सी केली, तुझं ऐकून. बोगुमिवाबाईंना घेऊन मैदानात गेलो. दोन झाडं आहेत, एक पडलंय. क्लाराने विचारलं, "बाई, तुम्ही नेमक्या कुठे उभ्या होतात?" बाईंनी गवतात काठी टेकवली. "इथे." क्लाराने कॅमेरा काढला. मग तिने विचारलं, "आणि इथून पोपांचा चेहरा स्पष्ट दिसत होता?"

बाईंनी काठीवर दोन्ही हात टेकवले. मग म्हणाल्या, "पोरी, माझी उंची बघितलीस का? मला काय दिसणार? समोर त्या खाणकामगाराची पाठ, आणि पाठीवर तुटलेलं एक बटण. दोन तास मी ते बटण बघितलं."

"मग?"

"मग काय! त्याला म्हटलं, अहो दादा, तुम्ही उंच आहात, जरा सांगत जा की. एक म्हातारा घरी कोंडलेला आहे, त्याला जाऊन सांगायचंय. भला माणूस. दोन तास मान मागे वळवून सांगत होता. कान लाल झालेत, अंगरखा उडतोय, आता थांबलाय, आता हसतोय. शेवटी त्याची मान आखडली. मी चोळून दिली."

क्लाराला हसू फुटलं. मग मला. मग बाईंना. ब्वोन्याच्या मैदानात तिघी बायका पोट धरून हसत होत्या आणि कुत्री फिरवायला आलेले लोक थांबून बघत होते. त्या हसण्यात मी कधी रडायला लागले ते कळलं नाही. ऐकणारे ताता, सांगणाऱ्या बाई आणि तो सिलेसियाचा माणूस, ज्याचं नावही कुणाला ठाऊक नाही. तो जिवंत असेल का रे?

तुझी,
लुडका


जिलाँग, १९ सप्टेंबर २००५

प्रिय लुडकाताई,

काल प्रार्थनेनंतर पाद्रीबाबांना विचारून मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. माझे वडील त्या मैदानात गेले नव्हते, मी इतकी वर्षं तुम्हाला सांगितलं ते खरं नव्हतं, खरं असं असं आहे. माझं इंग्रजी तुला माहीत आहे, पण वेल्डिंगच्या हेल्मेटमागून बोलल्यासारखा खडखड करत शेवटपर्यंत पोचलो. बटणाचं सांगताना लोक हसले. "नको, आणू नका" सांगताना माझा आवाज गेला, तेव्हा पुढचं क्लाराने सांगितलं.

नंतर थान्ह बाहेर पायरीवर भेटला. त्याने विचारलं, "तुमची बहीण आता किती वर्षांची?" मी म्हटलं, एकोणसत्तर. "आणि तुम्ही तिला शेवटचं कधी भेटलात?" मी म्हटलं, पंधरा वर्षं झाली. तो माझ्याकडे बघत राहिला, जणू माझ्याकडून पुढचं उत्तर यायचं बाकी आहे.

मी त्याला कारणं सांगायला लागलो. कारखान्यातली नोकरी, क्लाराचं शिक्षण, पाठीचं ऑपरेशन. सांगता सांगता माझं मलाच ऐकू आलं. तातांनी माझ्यासाठी आयुष्यातला एक दिवस सोडला, तू सव्वीस वर्षं तोंड बंद ठेवलंस, आणि मला साधं विमानात बसता आलं नाही.

ऑक्टोबरच्या आठ तारखेला दुपारी पोचतो. परतीची तारीख घातलेली नाही. विमानतळावर येऊ नकोस, तुझ्या गुडघ्यांना झेपणार नाही. आणि हो, मी मांस खातो.

तुझा,
विचेक